मदत हवी आहे: सांगलीहून एका दिवसात पट्टकादंब, सोबत गुडघेदुखीचे वडील

नमस्कार मंडळी,

जानेवारीतल्या एखाद्या रविवारी आण्णांना (माझे वडील, वय ७४) पक्षी दाखवायला न्यायचंय. जन्म शेतात गेला, त्यामुळे टिटवी, भोरड्या, वेडा राघू, कोतवाल हे सगळे आवाजावरून ओळखतात. पट्टकादंब मात्र त्यांनी फक्त चित्रात पाहिलाय. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून आपल्या खटाव-माण भागात उतरतो आणि हरभऱ्याच्या रानात चरतो, हे कळल्यापासून त्यांनी तोच ध्यास घेतलाय. मलाही तो त्यांना दाखवायचाच आहे.

अडचण गुडघ्यांची. दहा मिनिटं सपाटीवर चालतात, पण नांगरलेल्या रानातून किंवा चिखलातून नाही जमणार.

मनात असं आहे: उजाडताच आमराईत तांबट, हळद्या बघायचे. मग हरिपूरला कृष्णा-वारणा संगमावर नदी सुरय आणि कवड्या खंड्या. कवड्या एका जागी फडफडत राहून पाण्यात सूर मारतो, ते आण्णांना फार आवडतं. तिथून तासगाव, विटा करत मायणी आणि पुढे येरळवाडीचा तलाव.

माझे प्रश्न:

आमराईत वेळ घालवला तर येरळवाडीला पोचेपर्यंत दुपार होईल. झाडीतले पक्षी सकाळीच बोलतात, हे माहीत आहे. पण पट्टकादंब बरेचदा रात्री-पहाटे पिकात चरून दिवसा पाण्याकाठी विसावतात, असं वाचलंय. मग दुपारी गेलं तरी चालेल ना? की उन्हाच्या झळांमुळे दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतील?

यंदा पाऊस चांगला झाला. तलाव काठोकाठ असेल तर उथळ काठ बुडतो आणि रोहित (फ्लेमिंगो), चमचे, शेकाटे या उथळ पाण्यातल्या पक्ष्यांना उभं राहायला जागाच उरत नाही. अशा वर्षी जानेवारी घाईचा ठरेल का? फेब्रुवारीपर्यंत थांबावं?

आमच्याकडे ८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण आहे. त्यांचा हात थरथरतो, म्हणून १०×५० घेतली नाही. तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी बघायची एकनळी दुर्बीण) दिवसभरासाठी भाड्याने कुठे मिळेल का? सांगली, सातारा, कराड कुठेही चालेल.

आणि गाडी पाण्याच्या जवळ कुठवर जाते? हे सगळ्यात महत्त्वाचं.

प्रतिसाद

ताई, मी वडूजकडचा. आमराई त्या दिवशी सोडा, ती घराजवळच आहे, पुन्हा कधीही होईल. अंधारातच निघा आणि ऊन चढायच्या आत येरळवाडी गाठा. दुपारी झळा त्रास देतातच, शिवाय मासेमारी सुरू झाली की थवे पाण्याच्या मध्यावर सरकतात.

धरणाच्या भिंतीवरून पक्षी फार लांब दिसतात. फुगवट्याचं टोक, जिथे नदी आत येते, तिथे पाणी उथळ असतं. तलाव भरला तरी तिथे काठ शिल्लक राहतो. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा. रोहितांसाठी फेब्रुवारी बरा, पट्टकादंबांसाठी मात्र जानेवारी चुकवू नका. आण्णांना घडीची खुर्ची न्या आणि गाडीच्या सावलीत बसवा. माणूस एका जागी स्थिर बसला की चक्रवाक बदकंसुद्धा हळूहळू जवळ येतात. स्कोपचं मला ठाऊक नाही, बाकीच्यांनी सांगावं.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. आमराई रद्द, पहाटे चारला निघतो. फुगवट्याच्या टोकाकडे जायला कोणत्या गावातून वळायचं आणि तो रस्ता छोट्या गाडीला जमेल का, तेवढं सांगाल का? स्कोपबद्दल कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा.