सशाचा रंग बदलतोय? सोलापूरकरांचा अनुभव धागा

केस किंवा कातडी वेगळी दिसली तर आधी काय तपासायचं, ते नेमकं लिहा. औषध सुचवलंत तर ते का, हेही.

जुळे सोलापूर
पांढरं अंग, काळे कान-नाक-पाय असलेला ससा (हिमालयन, कॅलिफोर्नियन) असेल तर घाबरू नका. या जातींत काळा रंग तयार करणारं एन्झाइम थंड कातडीवरच नीट चालतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा उगवलेले केस फिके निघतात, थंडीतले गडद. असलेला केस रंग बदलत नाही, नवा येतो तेव्हाच फरक दिसतो. ऑपरेशनसाठी भादरलेल्या जागी थंडीत काळा चट्टा उगवतो तो यामुळेच. पुढच्या केसगळतीत जातो.

होटगी रोड
रंगीत सशाच्या अंगावर फुंकर मारून बघा. कातडीवर नकाशासारखे निळसर-काळे डाग दिसतील. तिथे नवे केस येतायत, रंग मुळाशी साठलाय. डाग सपाट असेल, खाज-कोंडा नसेल तर दोन-तीन आठवडे थांबा. गळतीत रोज विंचरा आणि वाळलेलं गवत सतत समोर ठेवा, नाहीतर गिळलेले केस पोटात अडकतात. (पिंजऱ्यात जुनी चादर नको, दोरे खातात.)

अक्कलकोट रोड
कोंडा असेल तर मानेमागचा थोडा काळ्या कागदावर झाडा. कण हलले तर माइट (कातडीवरचे बारीक किडे). नाक, कानाच्या कडा, नखांभोवती राखाडी खपल्या म्हणजे खरूज. डॉक्टर वजन करून आयव्हरमेक्टिन (हे किडे मारणारं औषध) देतात, साधारण ०.२ ते ०.४ मिग्रॅ प्रति किलो, १०-१४ दिवसांनी पुन्हा. एका डोसात अंडी मरत नाहीत. कुत्र्याचा पिसवांसाठीचा फिप्रोनिल स्प्रे सशाला अजिबात मारू नका, जीव जातो. गोल टक्कल गजकर्णाचं असू शकतं. हातमोजे घाला, माणसालाही लागतं.

विजापूर रोड
तळवे पिवळे? लघवीचे डाग, बिछाना रोज बदला. काळा ससा तांबूस? ऊन. गळ्याखालची घडी ओली राहून केस हिरवट-निळे झाले तर मात्र सूडोमोनास जिवाणूचा संसर्ग. उथळ भांड्यात हनुवटी भिजते, किंवा दात वाढून लाळ गळते. दात तपासून घ्या, घडी कोरडी ठेवा. कूलरचे तुषार थेट पिंजऱ्यावर नकोत आणि अंघोळ तर नकोच.

जुळे सोलापूर
एक राहिलं: कान आतून पिवळे दिसले तर कावीळ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर.