पूररेषेतल्या बांधकाम परवानगीला शेजाऱ्यानं आव्हान कुठं द्यायचं?

नागाळापार्ककर: कोल्हापुरात नदीकडेच्या प्लॉटवर अपार्टमेंटला परवानगी मिळाली आहे. शेजाऱ्याला एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) कलम 47 चं अपील करता येतं का, की दिवाणी दावा लावायचा?

नकाशावाला: दोन्ही नाही. कलम 47 अर्जदारासाठी आहे, परवानगी नाकारली किंवा अटी घातल्या तरच. दाव्याला त्याच कायद्याचं कलम 149 आडवं येतं, त्यानुसार अशा आदेशांना दाव्यात आव्हान देता येत नाही. आधी आयुक्तांना लेखी हरकत द्या. त्यात एमआरटीपी कलम 51 आणि महापालिका अधिनियमाचं 258, दोन्ही लिहा. 51 दिलेली परवानगी रद्द करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी आहे, 258 खोटी माहिती देऊन घेतलेल्या परवानगीसाठी. काम बरंच पुढं गेलं की 51 चा उपयोग संपतो, म्हणून पाया खुदाई चालू असतानाच अर्ज देऊन पोच घ्या.

पाणीपातळी: हरकतीत "पूर येतो" एवढंच लिहून भागत नाही, आकडे द्या. निळ्या रेषेच्या (नदीजवळची, जास्त वेळा येणाऱ्या पुराची हद्द) आत बांधकाम निषिद्ध. निळी आणि लाल रेषा (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) यांच्यामध्ये परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर हवं. त्या गट नंबरची लाल रेषेची पातळी जलसंपदा विभागाकडून माहिती अधिकारात मागवा. समजा ती 546.20 मीटर निघाली, तर जोतं 546.65 मीटरच्या खाली चालत नाही. मंजूर नकाशातल्या छेदावर (इमारतीच्या उभ्या कापाच्या चित्रावर) जोत्याची पातळी असते, ती ताडून बघा. बरेच जण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोका पातळी जोडतात. ती बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीची आहे, पूररेषेचा पुरावा नव्हे.
प्रकल्प महारेरात (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदलेला असेल तर प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, त्यांच्या संकेतस्थळावरच मिळतं, त्यासाठी माहिती अधिकाराचे 30 दिवस थांबायला नको.

नागाळापार्ककर: हरकतीला उत्तरच आलं नाही, आणि काम जोत्यापर्यंत आलंय, तर?

कसबागेट_वकील: वाट बघू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करा. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईला जायची गरज नाही. रिटला ठराविक मुदत नसली तरी उशिराचा जाब द्यावा लागतो, आणि इमारत उभी राहिल्यावर स्थगिती मिळणं फार अवघड. परवानगी योग्य होती की नव्हती हे न्यायालय नव्यानं तोलत नाही. नियम मोडला का, महत्त्वाचा कागद नजरेआड केला का, एवढंच बघतं. म्हणून पातळ्यांचा तक्ता, हरकतीची पोच आणि कामाचे तारखेसह फोटो सोबत जोडा. महापालिकेबरोबर परवानगीधारकालाही प्रतिवादी करा, नाहीतर याचिका तिथंच अडकते.