आयसीयूतल्या वडिलांच्या कल्चर रिपोर्टवर सगळीकडे 'आर' आलंय, कुणी समजावून सांगेल का?

मृण्मयी_सातारा

नमस्कार मंडळी, दोन रात्री झोप नाही म्हणून काही चुकलं लिहिताना तर सांभाळून घ्या. अण्णांचं (वय ६८, शुगर आहे) आतड्याचं ऑपरेशन झालं, पहिले चार दिवस छान होते, खोलीत चालले पण, मग ताप भरला, दम लागायला लागला आणि व्हेंटिलेटरवर घेतलं, आज तिथला नववा दिवस. काल संध्याकाळी ब्लड कल्चरचा रिपोर्ट हातात आला. क्लेब्सिएला न्यूमोनिए असं नाव आणि खाली सोळा-सतरा औषधांची यादी, जवळपास सगळ्यांपुढे आर. मेरोपेनेमपुढे ≥१६ आणि आर, कोलिस्टिनपुढे ≤०.५ आणि आय. एस कुठेच नाही. डॉक्टर म्हणाले जंतू रेझिस्टंट आहे, कोलिस्टिन सुरू करतोय, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल, इथे सही करा. केली सही. त्यांना दोष देत नाहीये, बाहेर अजून पाच-सहा जणांचे नातेवाईक ताटकळत होते.

पण मला काहीच कळलेलं नाही. अण्णा साधी क्रोसिन घ्यायला नको म्हणणारा माणूस, मग त्यांना औषधं लागू का पडत नाहीत? कोलिस्टिनचा आकडा सगळ्यात छोटा आहे म्हणजे ते सगळ्यात भारी का? आणि काका म्हणतात हा जंतू हॉस्पिटलनेच लावला, खरं आहे का हे? घरी चार वर्षांची मुलगी आहे, रात्री गेले की ती पळत येते आणि मी तिला लांब ठेवतेय, तिला जवळ घेऊ का नको एवढं तरी कुणी सांगा.

राजाभाऊ_कोप

ताई काळजी घ्या. पण काका बरोबर बोलतायत, ऑपरेशनला माणूस चालत गेला आणि आता व्हेंटिलेटरवर, यात हॉस्पिटलचीच चूक. आमच्या चुलत्याच्या वेळी पण असंच, आधी साधं अँटिबायोटिक देत बसले. पहिल्या दिवसापासून सगळ्यात स्ट्राँग द्या म्हणून हट्ट धरायचा आणि सगळे पेपर ताब्यात घेऊन ठेवायचे.

प्लेट_आणि_लूप

ताई, मी मायक्रोबायोलॉजीत एमडी आहे, असे रिपोर्ट रोज माझ्या सहीने जातात. तुमच्या अण्णांना मी बघितलेलं नाही म्हणून औषध कुठलं द्या हे सांगणार नाही, पण कागद समजावून सांगते.

आधी मुलीचं. तिला जवळ घ्या. हॉस्पिटलमधून निघताना आणि घरात शिरल्यावर साबणाने नीट हात धुवा, कपडे बदला, मग पोटभर जवळ घ्या. धडधाकट माणसाला हा जंतू सहसा काही करत नाही.

आता आर. आर म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा; एस म्हणजे औषध चालतं; आय म्हणजे मधलं. रेझिस्टंट जंतू असतो, अण्णा नाहीत. त्यांनी आयुष्यात एक गोळी घेतली नसती तरी हा रिपोर्ट असा येऊ शकला असता. रक्ताची बाटली मशीनमध्ये ठेवतो, जंतू वाढला की मशीन इशारा देतं, मग ते रक्त जंतू वाढवायच्या जेलीच्या (आगारच्या) प्लेटवर लावायचं. मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर क्लेब्सिएला गुलाबी, ओलसर, चिकट वाढतो, कधी कधी लूप (जंतू उचलायची तारेची कडी) वर उचलला की एकतारी पाकासारखी तार येते. त्यानंतर औषधांची चाचणी. जुन्या पद्धतीत औषध लावलेल्या ६ मिमीच्या कागदी चकत्या ठेवतात, औषध चालत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं आणि ते आम्ही पट्टीने मोजतो. तुमच्यासारख्या केसमध्ये सकाळी प्लेट काढली की जंतूंचं गवत चकतीच्या अगदी कडेपर्यंत आलेलं असतं, मेरोपेनेमच्या पण. इतकी वर्षं झाली तरी अशी प्लेट बघितली की पोटात खड्डा पडतो, कारण त्या नंबरमागे कुणाचे तरी अण्णा असतात.

आकडा म्हणजे एमआयसी, जंतूची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी औषध. दोन वेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी लावून बघायचे नाहीत. प्रत्येक औषधाची रेघ वेगळी, मेरोपेनेमची ४ ला आर होते, तुमचा १६ किंवा वर आहे. कोलिस्टिनचा ०.५ म्हणजे ते भारी असं नाही. त्याच्यापुढे एस दिसत नाही कारण आम्ही पाळतो त्या अमेरिकन मानकात २०२० पासून कोलिस्टिनला एस हा वर्गच ठेवलेला नाही, आकडा चांगला आला तरी पेशंटमध्ये त्याचा गुण बेताचाच येतो आणि किडनीला त्रास होतो. १९७० च्या सुमाराला याच कारणाने ते जवळपास बाजूला पडलं होतं, दुसरं काही उरलं नाही म्हणून परत काढावं लागलं. अजून एक, त्याचा रेणू मोठा असल्यामुळे आगारमध्ये नीट पसरत नाही, म्हणून चकतीने केलेली कोलिस्टिनची टेस्ट धरायची नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्युशनने (पातळ द्रवात औषधाचं प्रमाण बदलत जंतू वाढतो का बघायची पद्धत) केली का हे लॅबला जरूर विचारा.

डॉक्टरांना विचारायचा मुख्य प्रश्न हा की जंतूत औषध तोडणारं कुठलं एन्झाइम आहे, एनडीएम की ऑक्सा-४८, ते तपासलं का. आपल्याकडे एनडीएम खूप सापडतं. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम नावाचं नवं औषध ऑक्सा-४८ वर चालतं पण एकट्याने एनडीएमवर चालत नाही. अझट्रिओनाम या दुसऱ्या औषधाला एनडीएम तोडू शकत नाही, पण त्याच जंतूत बाकीची एन्झाइम्स असतात ती तोडतात आणि त्यांना ॲव्हिबॅक्टम अडवतं, म्हणून दोन्ही एकत्र दिलं तर काम होऊ शकतं. आमच्याकडे ब्रॉथच्या नळीत दोन्हीच्या चकत्या टाकून हे बघतात. महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, पण विचारण्यासारखं नक्की आहे, इन्फेक्शियस डिसीजचे डॉक्टर असतील तर त्यांना बोलवायची विनंती करा.

राजाभाऊ, पेपर घ्या, हक्कच आहे. पण पहिल्या दिवसापासून सगळ्यात स्ट्राँग हे प्रत्येकाच्या बाबतीत करत गेलो म्हणून तर इथवर आलोय. सिरियस पेशंटला सुरुवातीला मोठं औषध द्यावंच लागतं, नंतर कल्चर बघून ते खाली आणायचं असतं, आणि तेच राहून जातं.

मृण्मयी_सातारा

डॉक्टर, तुमचं वाचून रडू आलं. मुलीला घेऊन बसले अर्धा तास. उद्या राउंडला एनडीएमचं विचारते. पण तो आला कुठून हे अजून डोक्यातून जात नाहीये.

प्लेट_आणि_लूप

खात्रीने एका पेशंटबद्दल सांगता येत नाही. क्लेब्सिएला आतड्यात राहतो, अण्णा भरती व्हायच्या आधीपासून पोटात घेऊन आले असतील किंवा वॉर्डात कुणाच्या हातावरून, कॅथेटरवरून आला असेल. आता हा फक्त हॉस्पिटलचा राहिला नाही. २०११ मध्ये दिल्लीचा एक अभ्यास छापून आला, नळाच्या पाण्याचे ५० नमुने, त्यातल्या २ मध्ये एनडीएमचा जीन, आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ मध्ये. नावावरून तेव्हा केवढा गदारोळ झाला, एनडीएम स्वीडनमधल्या भारतीय वंशाच्या पेशंटमध्ये २००८ साली सापडलं, तो पेशंट आधी दिल्लीत ॲडमिट होता म्हणून नावात न्यू दिल्ली (एनडी). आपण नावावर भांडत होतो आणि २०१० मध्येच मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी छापलं होतं की कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना) दाद न देणाऱ्या २४ पैकी २२ जंतूंमध्ये एनडीएम मिळालं. तेव्हा ते सगळ्यांनी मनावर घ्यायला हवं होतं.

सिस्टर_नाइट_ड्युटी

मी आयसीयूत अकरा वर्षं आहे, मोकळं बोलते. हो, हातावरून जातं. रात्री तीनला एका पेशंटचं सक्शन चालू असतं आणि शेजारच्या बेडचा अलार्म वाजतो, रक्तातला ऑक्सिजन पडलेला, तुम्ही धावता, तेच ग्लोव्हज हातात. ग्लोव्हज घातले की आपले हात स्वच्छ असं वाटतं पण पेशंटसाठी तेच ग्लोव्हज सगळ्यात घाण. एका सिस्टरकडे एकच व्हेंटिलेटरचा पेशंट असायला पाहिजे, आमच्याकडे तीन असतात. कारण म्हणून नाही सांगत, होतं कसं ते सांगतेय. व्हिएन्नात डॉक्टर सेमेलवाइसने १८४७ साली हात धुवायला लावले आणि बाळंतिणी मरायच्या कमी झाल्या, आणि आम्ही अजून तिथेच झगडतोय.

ताई, तुम्ही करण्यासारखं सांगते. अण्णांच्या बेडजवळ जायच्या आधी आणि बाहेर आल्यावर हँडरब घ्या, बोटांची टोकं आणि अंगठा विसरू नका, वीस-तीस सेकंद चोळा. बेडवर बसू नका, मोबाइल बाहेर. डोकं ३० ते ४५ अंश वर केलेलं आहे का, लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली नाही ना आणि कमरेच्या खाली लटकलेली आहे ना, तोंडाची सफाई झाली का, एवढं बघा आणि नसेल तर सिस्टरला सांगा. आम्हाला राग येत नाही. आणि रोज एकच प्रश्न विचारा, हा कॅथेटर, ही गळ्यातली लाइन आजही लागणार आहे का? न लागणारी नळी एक दिवस आधी निघाली तरी तेवढा धोका कमी.

पिंपरीचा_केमिस्ट

माझे वडील पिंपरीच्या एचए कंपनीत होते, १९५४ साली उभी राहिलेली पेनिसिलीनची फॅक्टरी. आमच्या घरात पेनिसिलीन हा शब्द देवासारखा घेतला जायचा. आता माझ्या काउंटरवर रोज माणसं येतात, मागच्या वेळचं रिकामं पाकीट पुढे करतात, सेफिक्झिमच्या दोनच गोळ्या द्या, ताप उतरला की बास. मार्च २०१४ पासून ही औषधं एच-वन या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि रजिस्टरला नोंद करायची, तीन वर्षं रजिस्टर जपायचं. मी नाही देत. गिऱ्हाईक चार दुकानं पुढे जातं आणि घेऊन येतं, मला बघून हसतं पण. राजाभाऊ, चूक कुणा एकाची नाही हो, त्या दोन गोळ्यांत आपण सगळे आहोत.

राजाभाऊ_कोप

मान्य आहे. घरी बायकोने फ्रिजवर अशाच उरलेल्या गोळ्यांचा डबा ठेवलाय, आज बघतो. ताई, अण्णांची तब्येत कळवत राहा.

मृण्मयी_सातारा

सगळ्यांना अपडेट, आठ दिवसांनी. जीन टेस्टमध्ये एनडीएम आलं. डॉक्टर आधी थोडे चमकले मी नाव घेतल्यावर, मग बसून नीट बोलले, बाहेरून इन्फेक्शनचे डॉक्टर बोलावले आणि कोलिस्टिन बंद करून ते दोन औषधांचं कॉम्बिनेशन सुरू केलं. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) २.१ वर गेलं होतं, आता खाली येतंय. पाचव्या दिवशी ताप गेला, परवा ट्यूब काढली. काल अण्णांनी घोगऱ्या आवाजात माझ्या मुलीचं नाव घेतलं, तिला भेटायचं म्हणून. परत केलेल्या ब्लड कल्चरवर नो ग्रोथ आलंय. म्हणजे जंतू गेला ना?

प्लेट_आणि_लूप

किती बरं वाटलं म्हणून सांगू! रक्तातून गेला. आतड्यात मात्र कित्येक महिने राहू शकतो, त्यासाठी औषध द्यायचं नसतं, घरी संडासनंतर आणि जेवणाआधी साबणाने हात एवढं पुरे. पण पुढे कधीही, कुठल्याही दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर पहिल्या तासातच हा रिपोर्ट दाखवा, म्हणजे सुरुवातीचं औषध चुकणार नाही आणि त्यांना वेगळा बेड देता येईल. डिस्चार्ज कार्डावर एनडीएम क्लेब्सिएला हे शब्द लिहून घ्या, बऱ्याचदा नुसतं सेप्सिस लिहितात.

मृण्मयी_सातारा

लगेच सांगते लिहायला. झेरॉक्स काढून एक शुगरच्या फाइलमध्ये लावते, एक भावाकडे देते.