दिवाळी अंकाची वेबसाइट: शिरोरेषा तुटते, वेलांट्या कापल्या जातात, जुना मजकूर युनिकोडमध्ये येत नाही

कोरा_कागद यांचा प्रश्न

एका दिवाळी अंकाच्या प्रकाशकांचं काम घेतलं आहे. वर्डप्रेस (वेबसाइट बांधण्याची प्रणाली), पूर्ण मराठी साइट. गेल्या नऊ वर्षांचे अंक पेजमेकरमध्ये (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) श्री-लिपीच्या जुन्या मराठी फॉन्टांत लावलेले आहेत, प्रत्येकी साधारण २०० पानं. त्याआधीचे पंधरा अंक फक्त छापील. संपादकांना यातलं सगळं वाचता आणि शोधता यायला हवं आहे.

फिग्मात (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) नीट दिसणारी शीर्षकं फोनवर बिघडतात. शिरोरेषेत बारीक फटी पडतात आणि दोन ओळींच्या शीर्षकात वेलांटी व रफार वरून कापले जातात. ल आणि श हिंदी वळणाचे येतात. नमुना पाहताना संपादकांनी आधी त्यावरच बोट ठेवलं. मजकूर युनिकोडमध्ये (वेबवर चालणाऱ्या सर्वमान्य अक्षरसंकेतात) आणायला ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढला तर मधले इंग्रजी शब्द ओळखू येत नाहीत, 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. आणि हे सगळं धरून एकच आकडा सांगा म्हणतात. कोटेशन कसं बांधावं?

शिरोरेषा यांचं उत्तर

फटी आणि कापलेल्या वेलांट्या ही दोन वेगळी दुखणी आहेत, एका उपायानं जाणार नाहीत.

फटींचं कारण लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. बहुतेक तयार थीम रोमन लिपीसाठी बनतात आणि शीर्षकांना थोडं अंतर देतात किंवा काढून घेतात. अंतर दिलं की शिरोरेषा तुटते. काढून घेतलं की रेषा एकमेकींवर चढतात, आणि अक्षराचा रंग अर्धपारदर्शक असेल तर त्या जोडावर गडद ठिपके दिसतात. मराठीसाठी लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, मेनू आणि बटणांतही. शून्य म्हणजे शून्य, ०.२ पिक्सेलसुद्धा नको. शीर्षक मोकळं दिसावं असं वाटत असेल तर शब्दांमधलं अंतर थोडं वाढवा.

वेलांटी कापली जाते ती लाइन-हाइट (ओळीची उंची) आणि ओव्हरफ्लो-हिडन (चौकटीबाहेरचं लपवणं) एकत्र आल्यामुळे. थीममध्ये शीर्षकाची लाइन-हाइट १.१ किंवा १.२ असते. रोमनला ती पुरते. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा दोन्हीकडे पसारा असतो. साध्या शीर्षकात हे भाग चौकटीबाहेर गेले तरी दिसतात. पण कार्डावर 'दोनच ओळी दाखवा' असं लाइन-क्लॅम्प लावलं असेल तर बाहेरचं सगळं छाटलं जातं. शीर्षकाला १.४ द्या आणि क्लॅम्प असलेल्या चौकटीला वरून ०.१५ एम (एम म्हणजे अक्षराच्या मापाएवढी लांबी) पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, द्या. खालून देऊ नका, तिथून तिसऱ्या ओळीचे शेंडे डोकावतात. लेखाच्या मजकुराला १.७ बरी. लाइन-हाइट नेहमी एककाशिवाय लिहा. पिक्सेलमध्ये लिहिलीत तर वाचकानं अक्षर मोठं केल्यावर ओळी एकमेकींत घुसतात.

अक्षराचा आकार १६ पिक्सेल मराठीला कमी पडतो. मात्रा-उकारांसाठी जागा राखावी लागत असल्यानं त्याच मापात देवनागरी अक्षराचं अंग रोमनपेक्षा लहान दिसतं. फोनवर १८, मोठ्या पडद्यावर २० ठेवा आणि स्तंभ ६८० पिक्सेलच्या पुढे नेऊ नका. मजकूर दोन्ही कडांना जस्टिफाय करू नका. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात, अरुंद स्तंभात मध्ये मोठी भगदाडं पडतात.

ल आणि श यांचं उत्तर भाषेच्या खुणेत आहे. पानाच्या मूळ टॅगवर भाषा 'एमआर' (मराठीचा संकेत) नसेल तर ब्राउझरला मराठी कळत नाही आणि फॉन्टमधली मराठी वळणं चालू होत नाहीत. वर्डप्रेसच्या सामान्य सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा. अॅडमिन इंग्रजीत हवा असेल तर तो स्वतःच्या प्रोफाइलमधून वेगळा ठेवता येतो. फॉन्टमध्ये मराठी रूपं असायला मात्र हवीत. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे आहेत, तेव्हा संपादकांचा आग्रह योग्य आहे. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठी वळणांसाठीच काढलेला आहे. हिंदी आणि संस्कृतसाठीचे त्याचे भाऊ वेगळे आहेत, डाउनलोड करताना नाव नीट पाहा.

फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवरून देताना छाटणी करणार, म्हणजे न लागणारी अक्षरं फाइलमधून काढणार असाल तर एक काळजी घ्या. युनिकोडमधला देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ या क्रमांकांचा पट्टा घेतला की झालं असं वाटतं, पण २००सी आणि २००डी ही दोन अदृश्य जोड-चिन्हं आणि रुपयाचं २०बी९ त्याच्या बाहेर आहेत. ती वगळली तर काही शब्दांत मध्येच दुसऱ्या फॉन्टचं अक्षर उगवतं. ओपनटाइप फीचर (अक्षरं जोडण्याचे फॉन्टमधले नियम) सगळी राखा.

चाचणीसाठी 'लोरेम इप्सम' हा जागा भरायचा निरर्थक रोमन मजकूर वापरू नका. ही ओळ प्रत्येक शीर्षकात आणि बटणात टाकून पाहा: वाङ्मय, उद्ध्वस्त, कुऱ्हाड, दऱ्याखोऱ्यांत, हृद्य, ह्रस्व, शृंगार, किंकर्तव्यमूढ, ॲल्युमिनियम, राष्ट्रीय. या दहांत फॉन्टचं सगळं पितळ उघडं पडतं.

अर्धा_र यांचं उत्तर

टिरो सुंदर आहे, पण त्यात साधं आणि तिरकं एवढंच आहे, ठळक वजन नाही. थीमनं शीर्षकाला बोल्ड लावलेलं असलं की ब्राउझर स्वतः अक्षर फुगवतो आणि 'क्ष', 'द्ध' यांची पोटं बुजतात. हे फुगवणं, म्हणजे फॉन्ट-सिंथेसिस, बंद करा. लेखाला टिरो आणि शीर्षक-मेनूला मुक्त, अशी जोडी मी सुचवेन. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त सात वजनांत मिळतो. त्यातली ४०० (साधं) आणि ७०० (ठळक) एवढीच दोन घ्या. पाच-पाच वजनं लादली तर गावाकडच्या नेटवर पहिलं पान उघडेपर्यंत वाचक निघून जातो.

दिवाळीच्या बॅनरसाठी यात्रा वन पाहा, मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. मात्र तो चार शब्दांपुरताच.

बॅनर फोटोशॉपमध्ये करणार असाल तर टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. नाहीतर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात.

खिळाजुळारी यांचं उत्तर

कन्व्हर्जनबद्दल. जुन्या डीटीपी (संगणकावर पानं लावायच्या) फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणून काही नसतंच. रोमन अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असतात: अर्धा प, काना, रफार, ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर 'पि' दिसतं, फाइलमध्ये आधी वेलांटी आणि मग प असतो. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. रफारही फाइलमध्ये अक्षराच्या नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टर हे क्रम फिरवतो आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

इंग्रजी शब्द बिघडण्याचं कारण तुम्ही साधा मजकूर काढताय हे आहे. साध्या मजकुरात फॉन्टचं नाव उरत नाही, मग कन्व्हर्टरला कोणतं रोमन अक्षर खरं इंग्रजी आणि कोणतं मराठी तुकडा ते कळणार कसं? पेजमेकरमधून आरटीएफ काढा, त्यात प्रत्येक तुकड्यासोबत फॉन्टचं नाव राहतं. पेजमेकर चालणारा संगणक नसेल तर त्या फाइल उघडणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती सीएस ६; त्यापुढची उघडत नाही. प्रेसमध्ये जुना संगणक आहे का ते आधी विचारा. तिथे मूळ श्री-लिपी असेल तर कन्व्हर्जन तिच्यातूनच करा, बाहेरच्या कन्व्हर्टरपेक्षा स्वच्छ निघतं. एकाच अंकात मजकुराला एक आणि कवितांना दुसराच फॉन्ट असतो. प्रत्येकाचा नकाशा निराळा असू शकतो, म्हणून आधी फॉन्टची यादी करा.

मग शोधा-बदला, याच क्रमानं. शब्दाच्या सुरुवातीला आलेली मात्रा, काना किंवा हलन्त शोधा. ती शंभर टक्के चूक असते. मग एकाला एक लागून आलेली दोन स्वरचिन्हं. मग विसर्ग आणि अपूर्णविराम: 'म्हणाला:' मध्ये विसर्ग आणि 'दुःख' मध्ये कोलन, असा गोंधळ प्रत्येक अंकात निघेल. मग अवग्रहाच्या जागी आलेला रोमन एस आणि शून्याच्या जागी आलेला रोमन ओ.

'दऱ्या'साठी युनिकोडमध्ये वेगळा ऱ आहे, क्रमांक ०९३१. ऱ, हलन्त, य असं लिहिलं की दऱ्या. साधा र, हलन्त, य लिहिलं की दर्या, म्हणजे समुद्र. हा बदल डोळे मिटून सगळीकडे करता येत नाही, 'सूर्या'चं 'सूऱ्या' होईल. आधी ज्यात शंकाच नाही ते शब्द घ्या: ऱ्हास, कुऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, गोऱ्हा. ऱ्हला धोका जवळजवळ नाही. ऱ्यचे शब्द मात्र मुद्रितशोधकानंच पाहायचे.

छापील पंधरा अंकांचा सगळा मजकूर ओसीआरनं (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं) काढायच्या भरीस पडू नका. टेसरॅक्ट या ओसीआरला मराठी येतं, ३०० डीपीआयच्या स्वच्छ स्कॅनवर बऱ्यापैकी वाचतंही, पण दोन स्तंभी पान, चौकटीतली कविता आणि कागदाच्या मागून उमटलेली शाई यांपुढे अडखळतं. आणि कवितेतली एक चूकसुद्धा कवीला लागते. या अंकांची अनुक्रमणिका हातानं टाइप करा: लेखक, शीर्षक, प्रकार, पान. सोबत मुखपृष्ठ आणि पानांची चित्रं. लोक लेखकाच्या नावानंच शोधतात.

कोरा_कागद

आरटीएफ काढून पाहिलं, इंग्रजी शब्द सुटले. लेखांचे वेब-पत्ते मराठीत ठेवू का? आणि साइटवरच्या शोधात 'ॲड' टाइप केलं की काही लेख येतात, काही येत नाहीत.

दुवा यांचं उत्तर

पत्ते रोमनमध्ये ठेवा. मराठी पत्त्यात प्रत्येक चिन्हाची टक्के-चिन्हांसकट नऊ अक्षरं होतात आणि वर्डप्रेस पत्ता २०० वर कापतं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं, आणि काना, वेलांटी, हलन्त ही प्रत्येकी वेगळी धरायची. नुसत्या 'दिवाळी'ची सहा होतात. लांब शीर्षकं अर्ध्यावर तुटतात, आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की टक्क्यांची रांग दिसते. वर्ष आणि लेखकाचं आडनाव असा छोटा रोमन पत्ता पुरे.

ॲ तीन प्रकारे लिहिला जातो: एकसंध ॲ (०९७२), अ वर सुटा चंद्र, आणि मध्ये अदृश्य जोड-चिन्ह घालून. दिसायला सारखे, शोधाला वेगळे. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती एका रूपात आणणं) यांना एक करत नाही. तेव्हा मजकूर साठवतानाच तिन्ही ०९७२ करा आणि वाचकानं शोधखिडकीत टाइप केलेल्यावरही तोच बदल चालवा. ऱ मात्र र आणि नुक्ता असा लिहिला असेल तर एनएफसीनं जुळतो.

वर्गणीच्या फॉर्ममध्येही हेच. मराठी कळफलकावर फोन नंबर ९८ असा येतो आणि जावास्क्रिप्टची अंकतपासणी फक्त रोमन अंक ओळखते. नंबर चुकीचा आहे असा संदेश दाखवण्याआधी देवनागरी अंक रोमन करून घ्या. फॉर्मच्या खिडक्यांतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको, आयफोनवर पान एकदम झूम होतं.

हिशेबवही यांचं उत्तर

एकच आकडा देऊ नका. डिझाइन आणि बांधणीचा आकडा ठरीव ठेवा, मजकुराचा पानागणिक. नऊ अंक गुणिले २०० म्हणजे १८०० पानं. जाहिराती वगळून किती उरतात ते मोजा. दर लावण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या वर्षांतली, प्रत्येकी दहा पानं पूर्ण करून घड्याळ लावा: कन्व्हर्जन, शोधा-बदला, वर्डप्रेसमध्ये भरणं. कविता, कोष्टकं आणि व्यंगचित्रांच्या पानांना वेगळा दर. मुद्रितशोधन स्वतःच्या अंगावर घेऊ नका; ते प्रकाशकांच्या मुद्रितशोधकाकडे आणि त्याचं मानधन त्यांच्याकडे, असं कोटेशनमध्येच लिहा.

पैसे ४० टक्के आगाऊ, ३० डिझाइन पसंत पडल्यावर, ३० साइट सुरू होण्याआधी. मजकुराचं बिल दर अंकामागे. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, आणि फेरी म्हणजे एका माणसानं एकत्र करून दिलेली यादी. संपादक, कार्यकारी संपादक आणि जाहिरात विभाग तिघांचे वेगवेगळे निरोप नव्हे. अंक छपाईला जातो त्या आधीचे सहा आठवडे तुम्हाला कुणी उत्तर देणार नाही. साइट दिवाळीला सुरू करायची असेल तर मंजुऱ्या गणपतीच्या आधी उरका.

डोमेन आणि होस्टिंग प्रकाशकांच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर आणि त्यांच्याच कार्डावर घ्या. नूतनीकरण तुमच्याकडून राहून गेलं तर सगळा अंक बंद पडेल. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असून जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही. बिलावर पॅन लिहा, टीडीएस कापला गेला तर तो तुमच्या खात्यावर दिसायला हवा.

आणि हक्क. छापण्यासाठी दिलेला लेख वेबसाइटवर टाकायची परवानगी आपोआप मिळत नाही. लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. प्रकाशकांकडे लेखी करार असतील तर मुदत पाहा: कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. परवानग्या मिळवणं प्रकाशकांचं काम, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. तुमच्या बाजूनं प्रत्येक लेखाला 'परवानगी आली' असा एक रकाना ठेवा. तो भरल्याशिवाय लेख मसुद्यातच राहील. वारसांचा पत्ता लागेपर्यंत अनुक्रमणिकेतली नोंद दिसू द्या, लेख नको.