आरएक्स-७ चा खरा वारस आरएक्स-८ च!

रोटरप्रेमी
माझदाच्या रोटरी इंजिनाच्या आरएक्स-८ चं नाव निघालं की लोक नाक मुरडतात. चार दारं, टर्बो नाही, इंजिन लवकर बसतं, म्हणून ती आरएक्स-७ ची वारस नाहीच म्हणे. मला अजिबात पटत नाही. माझदाची १९७८ ची पहिली आरएक्स-७ बघा: १२ए इंजिन, दोन रोटर (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी तुकडे) मिळून ११४६ सीसी, वजन टनभर, टर्बो नाही. छोटं इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे सरकवलेलं, त्यामुळे वळणावर गाडी हलकी. आरएक्स-८ नेमकी तिथेच परतली.

शिवाय तिच्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायची भोकं, रोटरभोवतीच्या हाउसिंगच्या परिघावरून काढून बाजूच्या प्लेटांत नेले. इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे राहायचे, ते थांबलं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे वाहून जाणं कमी झालं. शेवटची आरएक्स-७, म्हणजे एफडी, २००२ मध्ये बंद झाली ती उत्सर्जनाच्या नियमांपायी. त्याच दुखण्यावर हा इलाज होता.

तेराबी
साफ असहमत. वारसा कागदावर ठरत नाही. एफडीच्या १३बी-आरईडब्ल्यू इंजिनाला १९९९ पासून २८० पीएस (अश्वशक्ती) आणि ३१४ न्यूटन-मीटर टॉर्क, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. आरएक्स-८ ला २१६ न्यूटन-मीटर आणि वजन तेराशेच्या पुढे. खालच्या आरपीएमला दमच नाही.

आणि बाजूच्या पोर्टांचं कौतुक पुरे. मधल्या प्लेटीतला एक्झॉस्ट दोन्ही रोटरांना सामाईक, म्हणजे सगळी उष्णता तिथे साचते. रोटरच्या बाजूंवरच्या साइड सीलभोवती कार्बन धरतो, सील खाचेत अडकतात आणि कॉम्प्रेशन (आतला दाब) जातं.

स्पॅनर१७
एफडी काही धुतल्या तांदळासारखी नाही, तेराबी. तिचे दोन टर्बो टप्प्याटप्प्याने चालू होतात, दुसरा ४५०० आरपीएमच्या सुमारास जागा होतो. हा बदल घडवणाऱ्या व्हॅक्यूम नळ्यांचं जाळं इनटेकखाली उष्णतेत कडक होतं. एक नळी निसटली तरी ४५०० ला बूस्ट (टर्बोचा दाब) कोसळतो. कूलंटची प्लॅस्टिक टाकी तडकते ते वेगळंच. ती अ‍ॅल्युमिनियमची बसवावी.

रेनेसिसमध्ये बहुतेकदा आधी जातात ते इग्निशन कॉइल. ठिणगी कमजोर, मग पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो वितळून तुंबतो आणि उष्णता इंजिनात उलटते. ५० हजार किलोमीटरला चारही कॉइल बदला, प्लग आणि वायरींसकट.

तेराबी
कॉइल मान्य. पण तेलाचं काय? सुरुवातीच्या आरएक्स-८ मध्ये प्रत्येक हाउसिंगला तेलाचे दोनच नोझल, रोटरच्या टोकांवरच्या अपेक्स सीलचा मधला भाग कोरडा. २००९ च्या सुधारित गाडीत तिसरा आला. आधीच्या मालकांनी काय करायचं?

स्पॅनर१७
१० लिटर पेट्रोलला ५० मिली चांगलं टू-स्ट्रोक तेल. आणि दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायचीच, कारण हे इंजिन मुद्दामच तेल जाळतं.

रोटरप्रेमी
तेलाचा मुद्दा बरोबर आहे, २००९ च्या आधीची गाडी जपून घ्यावी लागते. साध्या कॉम्प्रेशन गेजवर मात्र विसंबू नका. त्यातला व्हॉल्व्ह तीन बाजूंपैकी सर्वांत चांगला आकडा धरून ठेवतो, तुटका सील लपतो. रोटरीचाच टेस्टर लावा, इंजिन गरम, २५० आरपीएमला हिशेब. सहाही आकडे दर चौरस सेंटीमीटरला ६.९ किलोच्या वर हवेत आणि एकाच रोटरच्या तीन बाजूंत १.५ पेक्षा जास्त फरक नको. हे जुळलं तर ९००० पर्यंत चढणारं ते इंजिन १९७८ च्या गाडीचंच रक्त आहे.

तेराबी
टेस्टरचं पटलं. वारसाचं नाही.