चीड-देवदाराचं राखलेलं जंगल बघायचंय, कुठे जावं?

तापीकाठ_रावेर:
राम राम मंडळी. मुलगी बारावीनंतर वनशास्त्राला जायचं म्हणते. त्याआधी तिला डोंगरउतारावरचं सूचिपर्णी जंगल दाखवायचंय. फोटोपुरतं नाही, तर वनखातं कुठलं झाड राखतं, कुठलं काढतं, ते नीट दिसेल असं. सोबत सासूबाई आहेत, त्यांना चढ जमत नाही. तोरणमाळला असं काही मिळेल का?

शहादेकर:
तोरणमाळला जाच ताई, पण चीड, म्हणजे पाइन, बघायला नको. ११०० मीटरच्या वरची जागा, यशवंत तलावाकाठी पहाटे गारठा, म्हणून लोकांना वाटतं की तिथे पाइन असणार. सातपुड्यात आपला साग, अंजन, सालई, मोह. एखाद्या बंगल्यापाशी सुरू दिसला तर फसू नका. त्याची 'सुई' चिमटीत धरून ओढली की सांध्यावर सुटते. ती पानं नाहीतच, बारीक डहाळ्या आहेत. चिडाच्या सुया तीन-तीनच्या जुडीत येतात, ओढून अशा सुटत नाहीत.

जाळरेषा:
वनखात्यात नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उत्तराखंडातल्या कुमाऊंत राणीखेतला जा. रस्ता चिडाच्या जंगलातूनच जातो, सासूबाईंना सपाटीवरूनही बघता येईल.

लेकीला आधी खोडं बघायला सांगा. साल तासून खाचा पाडलेल्या असतात, खाली भांडं अडकवलेलं. त्यात लिसा, म्हणजे राळ, गोळा होते. त्यापासून टर्पेंटाइन आणि बिरोजा काढतात. जुन्या पद्धतीत घाव खोल जायचे. असं झाड वाऱ्याला कमजोर पडतं आणि वणव्यात त्या घावापासूनच पेटतं. जुन्या खोल घावांची खोडं आणि आताच्या पद्धतीची खोडं, यांतला फरक तिने जवळून बघावा.

मग झाडांची वयं. चिडाच्या रोपाला ऊन लागतं. म्हणून पूर्वी उतारावर बी धरणारी मोठी झाडं विरळ ठेवून बाकीची काढत आणि खाली रोपं उभी राहिली की मग ती मोठीही काढत. १००० मीटरच्या वर हिरवी झाडं तोडायला १९८१ मध्ये बंदी आली, त्यामुळे राणीखेतच्या उंचीवर आता अशी तोड दिसणार नाही. एकाच वयाची झाडं मात्र पट्ट्याने उभी दिसतात.

आणि बांजाचा, म्हणजे तिथल्या ओकचा, एक उतार बघितल्याशिवाय परत येऊ नका. चिडाखाली कोरड्या सुयांचा थर, झुडुपं कमी. बांजाखाली ओल, पालापाचोळा, गुरांना चारा. इंग्रजांच्या काळापासून राळ आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी चिडाला झुकतं माप मिळालं. पहाडातल्या बायांना मात्र चाऱ्याला आणि सरपणाला बांजच हवा असतो. जंगल कोणासाठी राखायचं हा प्रश्न त्या दोन उतारांवर उघड दिसतो. वनशास्त्राला जाणाऱ्या पोरीने तो पुस्तकाआधी तिथे बघावा, असं मला मनापासून वाटतं.

जाण्यापूर्वी पालच्या बाजूचा साग एकदा दाखवा. तुमच्या रावेर तालुक्यातच आहे. विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढणं, कशासाठी करतात, ते तिथल्या वनरक्षकाला विचारा. मग तिकडचं लवकर कळेल.

तापीकाठ_रावेर:
दादा, खूप उपकार. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ का? आणि देवदार?

जाळरेषा:
मे नको. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून वणव्याचा हंगाम धरतात. पिरूल, म्हणजे गळालेल्या सुया, तेव्हा ठिणगीला टेकलेला असतो आणि धुरात समोरचा डोंगरही दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जा, तेव्हा हवा स्वच्छ असते. देवदारासाठी अल्मोड्यापुढचं जागेश्वर. शंकराची शंभरावर देवळं आणि भोवती जुने देवदार. तिथली झाडं देवाची म्हणून राखलेली, हाही फरक पोरीला दाखवा. सासूबाईंचं दर्शनही होईल.

भुसावळ_जंक्शन:
भुसावळहून दिल्लीला भरपूर गाड्या आहेत, पुढे काठगोदामला रात्रीची राणीखेत एक्सप्रेस. दिवाळीचं आरक्षण बुकिंग उघडेल त्याच दिवशी करा ताई, सासूबाईंना खालचा बर्थ मिळायला हवा. पिरुलावर पाय सटकतो, रबरी तळाचे बूट आणि एक काठी घ्याच.