अफरातफर म्हणजे ‘हिशोबातला गोंधळ’? वा रे वा!

कपाशीवाला: काल एका भाऊनं लिवलं का, "अफरातफर म्हणजे हिशोबातला गोंधळ, अपहार म्हणजे चोरी. सोसायटीच्या पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या गटसचिवाच्या बातमीत ‘अपहार’ छापून त्याची बदनामी करून रायले." वाचून जेवण गोड लागलं नाही. गोंधळ हा हिंदीतल्या ‘अफरातफरी’चा अर्थ. मूळ अरबी जोडी, इफ्रात अन् तफ्रीत: जादा अन् कमी. हिंदीत तिची पळापळ झाली. मराठीत इथं जादा दाखवा, तिथं कमी दाखवा, मधलं खिशात. अपहार संस्कृतातून आला, ‘हरण’ ज्या ‘हृ’ धातूतून, त्यातूनच. घरं दोन, धंदा एक.

मीच तो भाऊ: जादा-कमी म्हणजे गोंधळच झाला ना? अन् गटसचिवानं मार्चच्या आत सारे पैसे भरले.

तूरदाळ: भरले म्हणे! माह्या बाबानं सोसायटीचं कर्ज भरलं, कार्बनची गुलाबी पावती पंचांगात जपून ठेवली. रोजकीर्दीत, म्हंजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, नोंदच नाही. सातबारावर बोजा तसाच. "पुढच्या सोमवारी चढवतो," असे चार सोमवार गेले. मृग लागला, नवं कर्ज नाही, बियाणं सावकाराच्या पैशानं आणलं. ते व्याज कोणत्या शब्दात बसते, सांग.

धुऱ्यावरचा: अन् पीकविमा? हप्ता बरोबर कापतात, पैसे कुठं…

कपाशीवाला: विम्याचा वेगळा धागा काढा ना बाप्पा.

वकिलाचा कारकून: जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ४०३ खाली स्पष्टीकरणच होतं: काही काळापुरता केलेला अपहारही अपहारच. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१४. विश्वासानं सोपवलेला पैसा खाल्ला तर ४०५-४०६, आता ३१६. शिवाय १९६० च्या महाराष्ट्र सहकार कायद्याचं कलम ८८, नुकसान वसुलीचं. मार्चच्या आत भरल्यानं गुन्हा पुसत नाही.

मीच तो भाऊ: झालं, आले कलमवाले! कोर्टात पाय ठेवला काय कधी?

वकिलाचा कारकून: तिथंच तर चाकरी करतो, साहेब.

मीच तो भाऊ: बरं बाबा, अपहार म्हणा. तुमची पदवी तुम्हाले लखलाभ. पण चेकवर दुसरी सही अध्यक्षाची असते. तो मोकळा काऊन?

तूरदाळ: हे मातर खरं बोलला. पहिल्यांदाच.

मीच तो भाऊ: तुह्या बाबाची पावती टाक इथं, पाहू सही कोणाची आहे.

तूरदाळ: टाकली असती. कार्बनचं अक्षर उडालं. रकमेतला एक शून्य तेवढा दिसते.